तारामतीची काळीपिवळी आणि मधला ‘व’

तर तारामतीनं हॉर्न दाबला आणि घोडा नाचायला लागला, इथं येऊन काल गोष्ट थांबली. राजकुमार घोड्याच्या मानेला मिठी मारून ओरडत होता, “अरे थांबवा याला, थांबवा!” आणि घोडा आपला दोन पावलं पुढं, एक पाऊल मागं, मधेच गुडघे वाकवून सलाम, असा रंगात आलेला. तेवढ्यात जेवायची हाक आली. अर्धी मंडळी उठून गेली, उरलेल्या अर्ध्यांना तिथंच झोप लागली.

घोडा तेव्हापासून नाचतोच आहे. नाचू द्या. वरातीचा घोडा आहे, दमायचा नाही. तोवर ज्यांचं लक्ष काल जांभया देण्यात गेलं त्यांच्यासाठी ही तारामती कोण, ते पुन्हा एकदा नीट सांगायला पाहिजे. नाहीतर उद्या कुणीतरी उठून म्हणेल की तारामती म्हणजे राजकन्या. तारामती राजकन्या नव्हे. तारामती ड्रायव्हर.

नायगावच्या स्टँडबाहेर लिंबाच्या झाडाखाली काळ्यापिवळ्या जिपा उभ्या असतात ना, त्यातली तिसरी तिची. पुढच्या काचेवर रेणुकादेवीचा फोटो, मागच्या दाराला सुतळी, आणि हॉर्न असा की एक बटण दाबलं तर आख्खा बँडबाजा वाजतो. नवरा शेती बघतो. जीप त्याच्यासाठीच घेतली होती, पण त्या माणसाला बोलताना मागं वळून बघायची सवय. दोनदा ओढ्यात गेल्यावर तारामतीनं चावी काढून घेतली आणि म्हणाली, “तुमी नांगर धरा. नांगराला मागं बघितलेलं चालतंय.” त्याला एकोणीस वर्षं झाली.

एकोणीस वर्षं ती नायगावहून नरसी फाट्याला जाते आणि फाट्यावरून नायगावला येते. दिवसातनं सात-आठदा. तिच्या भाचीनं एकदा वहीत मांडून दाखवलं, “मावशी, एवढ्यात तू पृथ्वीला चौदा फेऱ्या मारल्यास!” तारामती म्हणाली, “मारल्या असतील, पण पृथ्वीवर नरसीच्या पुढं काय हाय, ते मला अजून दिसलं न्हाई.”

जीपमधे नऊ माणसं बसतात असं कागदावर आहे. तारामती माणसं मोजत नाही, गुडघे मोजते. “सरका ओ मामा, अजून एक गुडघा बसतोय तिथं.” नवरीची ट्रंक, बाळंतिणीचा पाळणा, परीक्षेची पोरं, नवसाचा बोकड, सगळं तिनं नेलं. कोण कुठं उतरतं ते तिला विचारावं लागत नाही. आणि तिचा एक शब्द ठरलेला. ती कधी ‘नेते’ म्हणत नाही, ‘पोचवते’ म्हणत नाही. म्हणते, “बसा. सोडते.” त्या रस्त्यावर असं माणूस सापडायचं नाही, ज्याला तारामतीनं कधी ना कधी कुठंतरी सोडलेलं नाही.

हा शब्द नीट धरून ठेवा. पुढं सगळी गंमत त्याचीच आहे.

आता राज्य. नायगाव आणि नरसीच्या मधे डाव्या हाताला कच्चा रस्ता जातो, तो बोरगढीच्या राज्यात. राज्य म्हणजे पावणेदोन गावं. एक गाव पूर्ण, आणि दुसऱ्याचा ओढ्याच्या अलीकडचा भाग. राजाचं नाव राघवेंद्रराजे. माणूस भला. तहसीलला गेला तरी मुकुट घालून जायचा आणि रांगेत उभा राहायचा. थंडीत मुकुटावरून मफलर बांधायचा. राणीसाहेब त्या आठवड्यात माहेरी, हिमायतनगरला गेल्या होत्या, म्हणून तर एवढा घोळ झाला. त्या असत्या तर गोष्ट दोन ओळींत संपली असती.

राजाला एकच मुलगी, मनस्विनी. ती राहायची गावाबाहेरच्या जुन्या बुरुजावर, आणि बुरुजाच्या दाराशी बसायचा भुजंग नावाचा राक्षस. सुळे वीतभर, आवाज पिठाच्या गिरणीसारखा. आता लांबून बघणाऱ्याला काय दिसायचं? उंच बुरूज, खिडकीत मान खाली घालून बसलेली राजकन्या आणि दारात राक्षस. बघणारा हळहळायचा आणि पुढं जायचा. राजकन्या मान खाली घालून का बसलीय, हे काही कुणी विचारलं नाही.

ती मोबाइलमधे बघत बसायची. आख्ख्या बोरगढीत रेंज फक्त बुरुजाच्या खिडकीत यायची. दहावीचे क्लास तिनं तिथं बसून केले, पॉलिटेक्निकचा फॉर्म तिथं बसून भरला. आणि भुजंग दाराशी बसायचा तो शेरडं ओरडू नयेत म्हणून. “गप ए,” तो शेळीला दबक्या आवाजात म्हणायचा, “ताईचं गणित चालू हाय.” मांस खाणं त्यानं बारा वर्षांपूर्वीच बंद केलं होतं, पित्त व्हायचं. आता सोळा भाकरी आणि अंबाडीची भाजी.

तर मनस्विनीचा नंबर लागला लातूरला. पॉलिटेक्निकला, बांधकामाच्या शाखेत. कुणी विचारलं की हेच का, तर ती म्हणायची, “या बुरुजाला शंभर पायऱ्या आहेत आणि बाथरूम एकही नाही. ज्यानं बांधला त्याला काही कळत नव्हतं. मला शिकून यायचंय.” हजर व्हायची शेवटची तारीख आदल्या दिवशी संध्याकाळी कळली. उद्या, पाचच्या आत. पाच वाजून एक मिनिट झालं की जागा दुसऱ्याला.

राजानं दिवाणजींना बोलावलं. रेणुकादास दिवाणजी म्हणजे निवृत्त मराठीचे मास्तर, मोत्याच्या दाण्यासारखं अक्षर, आणि आता मोबाइलवरही तसंच टाइप करायचे, एकेक अक्षर निरखून. राजा म्हणाला, “लिहा. राजकन्येला सोडायला एक माणूस पाहिजे. लातूर. उद्या पाचच्या आत. सगळ्या ग्रुपवर टाका.”

दिवाणजींनी लिहिलं आणि थांबले. चष्मा पुसला. सोडायला? राजकन्येला? सात पिढ्यांच्या पोथ्या त्यांनी वाचल्या होत्या. राजकन्येला कुणी कधी सोडायला गेल्याचं एकाही पोथीत नव्हतं. राजकन्येला सोडवायला जातात. महाराज बोलण्याच्या घाईत एक अक्षर खाऊन गेले, असं समजून त्यांनी मधे एक ‘व’ घातला.

आणि एकदा ‘सोडवायला’ लिहिल्यावर वाक्य तिथं थांबतंय होय? हात सवयीनं पुढं गेला. “जो सोडवील त्यास अर्धे राज्य व राजकन्येचा हात दिला जाईल.” पाच ग्रुपवर टाकलं आणि शांत झोपले.

सकाळी साडेसहाला, मनस्विनी बॅग घेऊन बुरुजाच्या पायऱ्या उतरतेय तर दारात राजकुमार. मिहिर त्याचं नाव. पुण्याहून रातोरात आलेला. कमरेला तलवार, डोक्याला फेटा आणि खाली पांढराशुभ्र घोडा, जो त्यानं नांदेडच्या एका वरातवाल्याकडून दिवसापुरता आणला होता.

“घाबरू नकोस, राजकन्ये!” तो म्हणाला. “मी आलोय.”

“बरं झालं. बाजूला व्हा, माझी सातची बस आहे.”

“राक्षस कुठंय?”

“शेरडं सोडायला गेलाय. येईल नऊपर्यंत.”

“मग मी थांबतो,” असं म्हणून तो दार अडवून थांबला. त्याचंही खरंच होतं. हा त्याचा सातवा प्रयत्न. आधीच्या सहा ठिकाणी तो पोचला तेव्हा कुठली राजकन्या दुबईला नोकरीला गेलेली, कुठली निवडणुकीच्या प्रचारात, एक तर स्वतःच राक्षसाशी लग्न करून सुखात होती. या वेळी राजकन्या आहे, बुरूज आहे, राक्षसही आहे म्हटल्यावर तो हलतो कशाला? सातची बस गेली. नऊला भुजंग आला, तर हा म्हणतो, आधी लढ. भुजंग म्हणतो, “माझी कंबर धरून राहिली हाय, दोन दिवसांनी लढू.” राजा मुकुट सावरत मधे पडला, तर त्यालाच तलवारीचं टोक लागलं. असं करता करता दहा वाजले.

दहा वाजता नायगावच्या लिंबाखाली तारामती चहा पीत होती आणि शेजारच्या जीपचा वीरभद्र मोबाइलवरचा मेसेज मोठ्यानं वाचत होता. “ऐका! राजकन्येला सोडवायला माणूस पाहिजे. लातूर. उद्या पाचच्या आत, म्हंजे आजच. अर्धं राज्य, राजकन्येचा हात... तारामतीबाई, जाता का?”

सगळे हसले. तारामतीनं बशी खाली ठेवली.

“परत वाच.”

“सोडवायला माणूस पाहिजे. लातूर. पाचच्या आत.”

“वीरभद्र, कैदेतनं सोडवायचं असतं तर पाचची टाइम कामून दिली असती? राक्षसाची काय कचेरी हाय, पाचला बंद व्हायला? आन् लातूर कशाला लिवलं?”

“लातूर म्हंजे राक्षसाचं गाव असंल.”

“खुळा हायस. ज्यानं गाव सांगितलं, टाइम सांगितली, त्याला सोडवायचं न्हाई. सोडायचंय.” ती उठली. काच पुसायची दस्ती खांद्यावर टाकली. “एका पोरीला लातूरला जायचंय, आन् सोडायला कुणी न्हाई.”

हे शेवटचं वाक्य तिनं जरा हळू म्हटलं. वीरभद्रला वाटलं चहा गरम लागला असेल.

बुरुजापाशी तारामती पोचली तेव्हा साडेदहा झाले होते. मनस्विनी बॅगेवर बसून घड्याळ बघत होती. भुजंग तिच्यासाठी धपाटे बांधत होता. राजकुमार घोड्यावर बसून दारात आडवा.

“पोरी, लातूर ना?”

“हो!” मनस्विनी उडालीच. “तुम्हाला कसं कळलं?”

“वाचलं की. बस गाडीत.”

“थांबा!” राजकुमारानं तलवार उपसली. “मी हिला सोडवल्याशिवाय सोडणार नाही!”

“आरं बाबा,” तारामती म्हणाली, “तू सोडशील तर ती सुटंल. तिला धरून तूच बसलायस, राक्षस तर बिचारा धपाटे बांधून राहिला.”

राजकुमार विचारात पडला. पण सहा वेळा हात हलवत परत गेलेला माणूस, त्याला विचारात फार वेळ पडून राहणं परवडत नव्हतं. तो पुन्हा दारात आडवा. राजा पुढं झाला, “तारामतीबाई, तुम्ही नेलंत तर कबूल केल्याप्रमाणे अर्धं राज्य...”

“अर्ध्या राज्यात माझी जीप वळायची न्हाई, राजेसाहेब.”

“मग निदान राजकन्येचा हात...”

“तो तिचा तिलाच लागंल, बॅग उचलायला.”

मागं उभे दिवाणजी रेणुकादास पुटपुटले, “मी तर फक्त शुद्धलेखन सुधारलं हो.” त्यांच्याकडं कुणी बघितलं नाही. सगळ्यांचं लक्ष घोड्याकडं होतं. कारण तारामतीचं लक्ष घोड्याकडं होतं. तिनं त्याला नीट न्याहाळलं, पायातल्या चाळांच्या खुणा बघितल्या, आणि जीपमधे बसून बँडबाजाचं बटण दाबलं.

हं. आता काल थांबलो तिथं आलो.

घोडा नाचायला लागला. आणि वरातीचा घोडा वाजंत्री लागल्यावर नाचत कुठं जातो, हे ज्यानं आपल्याकडची लग्नं बघितलीत त्याला सांगायला नको. आधी मारुतीला. नवरदेव पाया पडल्याशिवाय आणि नारळ फुटल्याशिवाय पुढं एक पाऊल नाही. घोडा दार सोडून वळला आणि राजकुमाराला पाठीवर घेऊन, दोन पुढं एक मागं करत, वेशीवरच्या मारुतीच्या देवळाकडं निघाला. गावातल्या चार बायका घाईनं बाहेर आल्या. “आगं बाई, वरात! कुणाची?” एकीनं तर अक्षताही टाकल्या.

दार मोकळं झालं. मनस्विनी पुढं बसली. मागं बॅग, धपाट्यांचं गाठोडं आणि भुजंग. “मी बी येतो,” तो म्हणाला, “लातूर बघायचं हाय. आन् ताईला तिथं रेंज येती का न्हाई, ते बघून येतो.” तो बसला तशी जीप मागं कलली आणि पुढची चाकं वीतभर उचलली. तारामतीनं त्याला मधे सरकवला, एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला, आणि म्हणाली, “ह्येचे बारा गुडघे धरले म्या.”

साडेअकराला निघाले. अजून साडेपाच तास हातात. सरळ रस्ता, मुखेड, मग अहमदपूर, चाकूर आणि लातूर. सहज पोचावं.

नरसी फाटा आला. तारामतीनं डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं आणि जीप गर्रकन वळवली. दोन मिनिटांनी मनस्विनी म्हणाली, “मावशी, नायगावची पाटी दिसतेय.”

“अरे देवा.” तारामतीनं जीप फिरवली. पुन्हा फाटा आला. पुन्हा जीप वळली. तिसऱ्यांदाही तेच. फाट्यावरचा पानवाला टपरीतून बाहेर येऊन बघायला लागला. एकोणीस वर्षांची सवय. फाटा आला की जीप नायगावकडं तोंड करणार, मग आत राजकन्या असो की राक्षस.

तारामतीनं जीप रस्त्याच्या कडेला घेतली आणि स्टिअरिंगवरचे हात मांडीवर ठेवले. बारा वाजून गेले होते.

“गाडीला सवय लागलीय,” ती म्हणाली.

 गाडीला हात नसतात हे मनस्विनीला दिसत होतं.

“तुझ्याएवढी होते, म्हंजे दोन वर्षांनी मोठी,” तारामती रस्त्याकडं बघत म्हणाली. “बारावी झाले. लातूरला मास्तरणीच्या कोर्सला नंबर लागला होता माझा. कागद आला. बापाला लई आनंद झाला, गावभर कागद दाखवून आला. मग इचारलं, सोडायला कोण जातंय? तर भावाची पेरणी, काकाचे गुडघे, मामाला रजा न्हाई. म्या पेटी भरून दारात बसले. मग उठून इथंच, ह्या फाट्यापत्तुर आले पेटी घेऊन. बसले दिवसभर. संध्याकाळी पेटी घेऊन परत. कुणाचं चुकलं न्हाई बघ. सोडायला कुणी नव्हतं, एवढंच.”

“मग तुम्ही एकट्या का नाही गेलात?”

“तवा एकटं जायचं असतं, हे कुणी सांगितलंच न्हाई की.” ती हसली. “पुढं जीप आली. मनात म्हणलं, आता ह्या रस्त्यावर सोडायला कुणी न्हाई म्हणून कुणी बसून राहायचं न्हाई. आन् बघ, समद्यांना सोडलं. नरसीपत्तुर.”

मागून नाक ओढल्याचा आवाज आला, म्हणजे ट्रकच्या ब्रेकसारखा. भुजंग रडत होता. तो खाली उतरला. जीपच्या मागं गेला, दोन्ही हातांनी तिला कमरेत धरून उचलली, जशी भाकरी तव्यावरून उचलतात तशी, आणि मुखेडच्या रस्त्याकडं नाक करून अलगद ठेवली.

“तुझी कंबर धरलीया ना?” तारामती आतूनच ओरडली.

“लढायला धरती,” भुजंग म्हणाला. “आता मागं बघू नगं, तारामतीताई. तिला तू सोड. तुला मी सोडतो. चल, टाक गिअर.”

आणि जीप निघाली. शंभर पावलं भुजंग मागून हात लावून चालला, न जाणो पुन्हा फिरली तर. मग पळत येऊन आत बसला. पानवाल्यानं टाळ्या वाजवल्या.

मुखेडच्या अलीकडं तारामतीचा मोबाइल वाजला. मारुतीच्या देवळातून राजकुमार. “अहो, हा घोडा हलत नाहीये! दीड तास झाला!”

“नारळ फोड,” तारामती म्हणाली.

“नारळ कुठून आणू? माझ्याकडं फक्त तलवार आहे.”

“मग फोडायची तर सोय झाली. नारळ पुजाऱ्याकडं माग.”

थोडा वेळ खडखडाट ऐकू आला. मग राजकुमार म्हणाला, “फुटला. आता मी काय करू? मला तर कुणालाच सोडवता आलं नाही.”

मनस्विनीनं मोबाइल हातात घेतला. “सोडवायचं राहू द्या हो. नांदेडला जाऊन घोड्याला त्याच्या घरी सोडा. तो पण सकाळपासून उपाशी आहे.”

 “हो, ते जमेल मला,” राजकुमार म्हणाला. आणि त्याच्या आवाजात पहिल्यांदा राजकुमारासारखं काहीतरी वाटलं.

मुखेडच्या पुढं तारामतीनं पृथ्वी बघितली. फार काही वेगळी नव्हती. तेच सोयाबीन, तेच लिंब, तशीच हॉटेलं. पण प्रत्येक पाटी ती मोठ्यानं वाचायची, “जांब! आगं, जांब आलं!” जसं काही ते गाव तिच्यासाठीच तिथं आणून ठेवलं होतं. अहमदपूरला टायर पंक्चर झालं. जॅक कुणी शोधला नाही, भुजंगनं जीप काखेत धरली आणि तारामतीनं स्टेपनी बदलली. तेवढ्यात मनस्विनीनं धपाटे वाटले. चाकूरला रेल्वेचं फाटक नव्हतं तरी म्हशींनी दहा मिनिटं खाल्ली. लातूरच्या वेशीत शिरले तेव्हा घड्याळात चार पस्तीस.

आणि लातूर म्हणजे काय! जिकडं बघावं तिकडं क्लासच्या पाट्या, पाट्यांवर पोरांचे फोटो, फोटोंखाली मार्क. सगळ्या रस्त्यांवर सायकली आणि दप्तरं, क्लास सुटायची वेळ. जीप मुंगीच्या पावलानं चालायला लागली. भुजंग उतरून पुढं झाला, वाट मोकळी करायला. आता कुणालाही वाटेल, राक्षस बघून पोरं पळाली असतील. लातूरची पोरं ती! त्यांनी त्याला घेरलं.

“काका, तुम्ही कोणत्या क्लासचे?”

“आं?”

“जाहिरात कुठल्या क्लासची करताय? फी किती?”

“पोरांनो, मी राक्षस हाय रे.”

“भारी! राक्षस क्लासेस. फिजिक्स शिकवता का?” आणि त्याच्या सुळ्यांबरोबर फोटो काढायला रांग लागली. तारामती मान बाहेर काढून ओरडली, “भुजंगा, पुढच्या चौकात उभा ऱ्हा, फोटो तिकडं काढा!” भुजंग पुढच्या चौकात गेला, रांग त्याच्यामागं गेली, आणि इकडं रस्ता मोकळा झाला. चार पन्नास.

कॉलेजच्या फाटकातून दोघी पळत आत गेल्या. बॅगेचा एक बंद मनस्विनीच्या हातात, दुसरा तारामतीच्या. खिडकीपलीकडं उज्वला मॅडम बसल्या होत्या, चष्मा कपाळावर, समोर अर्जांचा गठ्ठा, हातात कुलपाची किल्ली.

“नाव?”

“मनस्विनी राघवेंद्र बोरगढीकर.” कागद एकेक करून आत गेले. मार्कशीट, दाखला, फोटो. मॅडम शिक्के मारत होत्या, ठक, ठक, ठक. चार चोपन्न.

शेवटच्या पानावर मॅडमचा हात थांबला.

“सोबत कोण आलंय? पालक?”

“बाबा मुकुट... म्हणजे, बाबांना येता आलं नाही,” मनस्विनी म्हणाली.

मॅडमनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि तारामतीकडं बघितलं. खांद्यावर दस्ती, हाताला ग्रीस, केसात नरसीपासूनची धूळ.

“या कोण? आई? काकू? नात्याचा रकाना आहे, तो रिकामा चालत नाही. बाई, तुम्ही मुलीच्या कोण लागता? लवकर सांगा, पाच वाजत आले.”

मनस्विनी काहीतरी बोलायला गेली, पण तारामतीनं तिच्या खांद्यावर हात ठेवला, खिडकीशी वाकली आणि म्हणाली,

“लिवा मॅडम, ‘सोडायला आले.’ आन् तेवढा मधी व घालू नका, लई फजिती हुती त्यानं.”